सोबत कीं पहारा?

व्यसनाची सुरुवात बहुधा सोबतीनें होते. त्याचा त्याग मात्र ज्याचा त्यानें एकट्यानें करावा, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. आयुष्यांतली पहिली विडी एकांतांत ओढणारा मनुष्य विरळाच. कोणी तरी मित्र ती पुढें करतो, कोणी तरी काडी ओढून देतो, आणि नको म्हटलें तर आपण पोरकट ठरूं या भीतीनें हात पुढें होतो. खेड्यांत चंची सुटली म्हणजे ओळख नसलेलीं माणसेंहि जवळ सरकून बसतात. शहरांत चहाच्या टपरीशीं दोन परके इसम केवळ आगपेटीच्या निमित्तानें बोलूं लागतात. परंतु हाच मनुष्य जेव्हां सिगारेट सोडावयाचें म्हणतो, तेव्हां त्याचे हितचिंतक त्याला काय सांगतात? "मनाचा निग्रह पाहिजे!" एवढें सांगितलें कीं आपलें कर्तव्य संपलें असें त्यांना वाटतें. ज्या खड्ड्यांत उतरतांना दहा हात पुढें आले, त्यांतून वर येतांना एकहि हात मिळूं नये, हा न्याय कोठला?

गांधीजींनीं आपल्या आत्मकथेंत बाळपणची एक हकीकत सांगितली आहे. त्यांना व त्यांच्या एका नातलगाला विडीचा नाद लागला. प्रथम चुलत्यांनीं ओढून टाकलेलीं थोटकें वेंचून झालीं. पुढें तेवढ्यानें भागेना, तेव्हां नोकरांचे पैसे चोरून विड्या आणल्या जाऊं लागल्या. वडील माणसांच्या आज्ञेवांचून कांहींच करतां येत नाहीं, या पारतंत्र्याचा त्यांना इतका वीट आला कीं दोघांनीं धोत्र्याचें बीं खाऊन जीव देण्याचाहि घाट घातला. आयत्या वेळीं धीर सुटला, आणि त्या फसलेल्या बेतांतून थोटकें ओढणें व चोरी करणें हीं दोन्ही सुटलीं. ही हकीकत पश्चात्तापाची म्हणून वाचली जाते. मला तींत आणखी एक गोष्ट दिसते. ते दोघे मिळून ओढूं लागले, दोघांनीं मिळून चोरी केली, आणि शेवटीं सुटले तेहि दोघे मिळूनच.

यावर विचारी वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो क्षुल्लक नाहीं. गीतेच्या सहाव्या अध्यायांत स्पष्टच सांगितलें आहे कीं, मनुष्यानें आपला उद्धार आपणच करावा. आपणच आपले मित्र आणि आपणच आपले शत्रु. दुसऱ्याच्या टेकूवर उभा राहिलेला निग्रह टेकू काढतांच कोसळणार. शिवाय ज्या सद्गुणाला साक्षीदार लागतो त्यांत लोकलज्जा किती आणि विवेक किती, हें कोणीं ठरवावें? आक्षेप बरोबर आहे. परंतु तो उपदेश कोणीं कोणाला केला हें विसरून चालणार नाहीं. 'तूंच तुझा मित्र हो' हें अर्जुनाला कळण्यासाठीं दुसरा एक मित्र लागला, आणि तो घोड्यांचे लगाम हातीं धरून त्याच रथावर बसला होता! त्याच अध्यायांत पुढें अर्जुन तक्रार करतो कीं, हें मन वाऱ्यासारखें आवरण्यास कठीण आहे. श्रीकृष्ण त्यावर रागावत नाहींत. मन आवरणें कठीण आहे यांत संशय नाहीं, असें ते प्रथम कबूल करतात, आणि मग अभ्यास व वैराग्य हा मार्ग सांगतात. अडचण खरी आहे हें मान्य करणें, ही मला सोबतीची पहिली खूण वाटते.

आणि येथें अडचण खरोखरच खरी आहे. निकोटिन हें द्रव्य धूर आंत घेतल्यापासून कांहीं सेकंदांतच मेंदूंत पोहोंचतें, आणि रक्तांतील त्याचें प्रमाण सुमारें दोन तासांत निम्म्यावर येतें. म्हणून शरीर पुन्हा पुन्हा मागणी करीत राहतें. तें ज्या रीतीनें माणसाला बांधतें ती रीति हेरॉइन वा कोकेन यांच्या रीतीसारखीच आहे, असें अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९८८ च्या अहवालांत म्हटलें आहे. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. चिडखोरपणा, बेचैनी, झोपमोड, कामांत लक्ष न लागणें हा जाच बहुधा दोन ते चार आठवडे चालतो. फळहि तसेंच मोठें आहे. ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाची पाहणी १९५१ पासून पन्नास वर्षें झाली. रिचर्ड डॉल आणि त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेला तिचा निष्कर्ष असा कीं, जन्मभर ओढणारे सरासरीनें सुमारें दहा वर्षें आधीं मरतात. साठाव्या वर्षीं सोडल्यास त्यांतलीं सुमारें तीन, पन्नासाव्या वर्षीं सहा, चाळिसाव्या वर्षीं नऊ, आणि तिसाव्या वर्षीं जवळजवळ सर्व वर्षें परत मिळतात. हें सर्व ओढणाऱ्याला ठाऊक नसतें असें नाहीं. पण रात्रीं जेवणानंतर निश्चय करणारा मी आणि सकाळीं चहाबरोबर खिसा चांचपणारा मी, हे दोघे एकच आहेत कीं नाहींत, याचाच त्याला संशय येऊं लागतो.

होमरच्या 'ओडिसी' काव्यांतील युलिसिसला हा संशय होता. सायरेन नांवाच्या मायाविनींचें गाणें कानीं पडलें कीं आपण आपले राहणार नाहीं, हें जाणून त्यानें आधींच सोबत्यांना आज्ञा केली, "मला डोलकाठीशीं बांधा, मी सोडा म्हणून विनवूं लागलों तर दोर आणखी आंवळा." त्यांनीं तसेंच केलें, आणि गलबत पार झालें. दुसऱ्याच्या मदतीनें टिकलेला निग्रह हा आपला नव्हेच, असें म्हणणारानें या प्रसंगाचा विचार करावा. दोर सोबत्यांच्या हातांत होते खरे. पण ते आंवळण्याची इच्छा युलिसिसचीच होती.

तथापि याच दृष्टान्तांतून सोबत्यांच्या अधिकाराची मर्यादाहि निघते. तो अधिकार युलिसिसनें आपण होऊन दिला होता. तो शुद्धीवर असतां दिला होता. आणि तो तेवढ्या एका सामुद्रधुनीपुरता होता. गाणें ऐकूं येईनासें झालें तेव्हां सोबत्यांनीं दोर सोडले. आपल्या घरोघरीं काय घडतें? घरधन्यानें सिगारेट सोडल्याचें जाहीर केलें कीं कोणी न विचारतां सारें घर पहाऱ्यावर बसतें. सदऱ्याचा वास घेतला जातो, खिसे तपासले जातात, बाहेरून यावयास दहा मिनिटें उशीर झाला तर मुलें एकमेकांकडे पाहतात. हेतु प्रेमाचा असतो, यांत शंका नाहीं. परंतु पहाऱ्याचा एक अटळ परिणाम असा कीं, ज्याच्यावर तो बसतो त्याचें लक्ष सिगारेटवरून उडून पहारेकऱ्यावर जातें. 'ओढूं नये' हा प्रश्न मागें पडतो, आणि 'कळूं नये' हा पुढें येतो. मग वेलदोडे चघळले जातात, हात धुतले जातात, आणि एका व्यसनाच्या जोडीला खोटें बोलण्याचें दुसरें जडतें.

शास्त्रीय पाहण्यांतूनहि कांहीं असाच बोध होतो. अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम येथील पाहणींतल्या १२,०६७ लोकांचा १९७१ ते २००३ या काळांतील इतिहास तपासून क्रिस्टाकिस आणि फाउलर या दोघा संशोधकांनीं २००८ सालीं दाखवून दिलें कीं, माणसें सुटतात तीं एकेकटीं नव्हेत, तर घोळक्याघोळक्यानें. नवरा-बायकोपैकीं एकानें सोडलें तर दुसऱ्यानें ओढीत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनीं घटते, आणि मित्रानें सोडलें तर ३६ टक्क्यांनीं. उलट, जोडीदारानें मदत कशी करावी याचें शिक्षण देऊन जे प्रयोग झाले, ते सर्व एकत्र तपासतां त्यांपासून निश्चित लाभ झाल्याचें दिसून आलें नाहीं. या दोन गोष्टींचा मेळ मी असा घालतों कीं, शेजारीं चालणारा माणूस उपयोगी पडतो. मागून ढकलणाऱ्याची तशी खात्री देतां येत नाहीं.

आतां स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं, जरी ती सांगण्यांत मला कांहीं भूषण नाहीं. मी बावीस वर्षें सिगारेट ओढीत होतों. कॉलेजांत असतांना ज्या मित्राच्या हातून ती प्रथम घेतली, तोच पुढें एकाच कचेरींत माझा सहकारी झाला. एका महिन्याच्या पहिल्या तारखेस आम्हीं दोघांनीं ती एकदमच सोडली. ठराव एवढाच कीं, रोज संध्याकाळीं कचेरी सुटल्यावर लकडी पुलापर्यंत बरोबर चालत जावयाचें आणि दिवस कसा गेला तें एकमेकांना सांगावयाचें. अठरा दिवस उत्तम गेले. एकोणिसाव्या दिवशीं एका आप्ताच्या आजारपणांत मला इस्पितळांत रात्र काढावी लागली. मध्यरात्रीं फाटकाशीं कोणी तरी पाकीट पुढें केलें, आणि मीं घेतली. दुसऱ्या संध्याकाळीं पुलावर मित्रानें विचारलें तेव्हां मी म्हणालों, "मला आतां आठवणहि होत नाहीं."

त्यानंतर रोज रात्रीं गच्चीवर एक, अशी माझी मिताहारी चोरी सुरू झाली. आणि रोज संध्याकाळीं मी त्याला उपदेश करीत होतों! त्याला फार जड जात होतें. तो म्हणे, "अरे, तुला इतकें सहज जमतें, माझ्यांतच कांहीं उणें असावें." हें ऐकूनहि मी गप्प राहिलों. चार आठवड्यांनीं मात्र मला तें असह्य झालें, आणि पुलावरच मीं त्याला सर्व सांगून टाकलें. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "तूं ओढलीस याचें मला कांहीं नाहीं. पण गेले चार आठवडे मी एकटाच होतों, आणि हें मला ठाऊक नव्हतें."

आठ दिवस तो माझ्याबरोबर आला नाहीं. नवव्या दिवशीं कचेरीच्या दाराशीं उभा होता. "आज तुझा कितवा?" त्यानें विचारलें. "पहिला," मी म्हणालों. "माझा छप्पन्नावा. चल."

त्याच्या त्या एका वाक्यानें मला जें शिकविलें तें नीतिशास्त्राच्या पुस्तकांतून मी शिकलों नव्हतों. माझा अपराध सिगारेट ओढण्याचा नव्हता. तो फार तर माझ्याच फुफ्फुसांचा अपराध. मीं त्याची सोबत चोरली होती, आणि तिच्या जागीं एक खोटा आदर्श ठेवला होता, ज्याच्याशीं तुलना करून तो स्वतःला हीन समजत होता. परस्परसाह्य म्हणजे एकानें दुसऱ्याला आपलें यश दाखविणें नव्हे. आपण दोघे कोठें उभे आहों हें दोघांना ठाऊक असणें, हा त्याचा पाया. म्हणून मदत घेणाराचें पहिलें कर्तव्य खरें सांगणें हें. आणि मदत देणाराचें पहिलें कर्तव्य, खरें सांगणें दुसऱ्याला परवडेल असें वागणें हें. ज्या घरांत एका सिगारेटची कबुली दिल्यास आठवडाभर अबोला सोसावा लागतो, त्या घरांत सत्य फार महाग झालेलें असतें.

या व्यवहारांत देणारा कोण आणि घेणारा कोण, हेंहि शेवटीं ठरविणें कठीणच. १९३५ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंतील अ‍ॅक्रन या गांवीं बिल विल्सन नांवाचा एक गृहस्थ धंद्यांत अपयश घेऊन एका हॉटेलांत उभा होता. मोठ्या कष्टानें सोडलेली दारू त्याला पुन्हा बोलावूं लागली. त्यानें काय करावें? त्यानें गांवांतल्या दुसऱ्या एका दारूबाजाचा शोध केला; त्याचा उद्धार करण्यासाठीं नव्हे, तर त्याच्याशीं बोलतां बोलतां आपला तोल सांवरावा म्हणून. त्याला डॉक्टर रॉबर्ट स्मिथ भेटले. त्या दोघांच्या बोलण्यांतून 'अल्कोहॉलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संस्था निघाली आणि जगभर पसरली. बुडणारानें बुडणाराला तारलें, आणि तारतां तारतां तोहि तरला.

ज्यानें कधीं ओढलीच नाहीं त्याला मग सोबत करतां येणार नाहीं का? येईल, असें मी अनुभवानें म्हणतों. माझी पत्नी पूर्वी विचारीत असे, "आज ओढली नाहीं ना?" या प्रश्नाला एकच उत्तर शक्य असतें, आणि तें नेहमीं खरें नसतें. पुलावरची हकीकत ऐकल्यावर तिनें प्रश्न बदलला. "अहो, आजचा दिवस कसा गेला?" एवढेंच ती विचारूं लागली. या प्रश्नाला शंभर उत्तरें आहेत, आणि त्यांतलें खरें उत्तर देण्यास भीति वाटत नाहीं. निकोटिनची गोळी चघळावयास डॉक्टर देतात, दूरध्वनीवरून सल्ला मिळण्याचीहि आतां सोय आहे. या साधनांचा उपयोग अवश्य करावा. पण ओढण्याची उबळ बहुधा कांहीं मिनिटांचीच असते, आणि तेवढीं मिनिटें कोणी कांहीं न बोलतां शेजारीं बसलें, तर तीं लौकर सरतात.

त्या छप्पन्नाव्या दिवसानंतर मी आणखी एकदां घसरलों. या वेळीं मात्र त्याच संध्याकाळीं मित्राला सांगितलें. त्यानें नुसती मान हलविली आणि चालण्याचा वेग जरा कमी केला. त्या गोष्टीला आतां सहा वर्षें होतील. आम्हीं अजूनहि पुलापर्यंत बरोबर जातों. दिवस मात्र दोघांनींहि मोजण्याचें सोडून दिलें आहे.