माझा भाग झालाय

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा आढावा घेताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'सर, माझा भाग झालाय.' सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान असतं. चौघांचा गट असतो. एकाकडे स्क्रीन, दुसऱ्याकडे सर्व्हर, तिसऱ्याकडे डेटाबेस आणि चौथीकडे (बहुतेक वेळा ती मुलगीच असते) रिपोर्ट आणि पीपीटी. वाटणी झाली म्हणजे टीमवर्क झालं, अशी समजूत. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण सॉफ्टवेअरच्या धंद्यानेही बरीच वर्षं हेच धरून ठेवलं होतं.

१९६०च्या दशकात आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम तयार होत होती. माणसं वाढवूनही काम रखडत गेलं. त्या कामाची धुरा सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात त्यामागचं गणित मांडलं. उशीर झालेल्या कामात माणसं घातली की उशीर वाढतोच. चौघांमध्ये बोलण्याच्या जोड्या 6 असतात, आठ जणांत त्या 28 होतात. ब्रुक्स यांच्या लेखी हे बोलणं म्हणजे खर्च होता. म्हणून रचनेचा विचार एकदोन डोक्यांतच राहावा, असं त्यांचं मत.

मला मात्र त्याआधीचा, १९६८चा मेल्विन कॉनवे यांचा विचार जास्त मोलाचा वाटतो. माणसांचं एकमेकांशी बोलणं जसं असेल तशीच त्यांनी घडवलेल्या प्रणालीची घडण होते, असं ते सांगतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक गट हॉस्टेलच्या मेससाठी ॲप करत होता. पहिल्या स्प्रिंटनंतर, म्हणजे दोन आठवड्यांच्या कामाच्या टप्प्यानंतर, डेमोला लॉगिनच होईना. स्क्रीन दहा आकडी नंबर 'मोबाइल' या नावाने पाठवत होती. सर्व्हर 'फोन' या नावाची वाट बघत होता, तोही +९१ जोडलेल्या नंबरासाठी. दोघांनी आपापला भाग नीट तपासला होता आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. राहायलाही एकाच खोलीत! रिपोर्ट लिहिणाऱ्या मुलीच्या वहीत मात्र दोन्ही नावं शेजारी शेजारी होती. सगळ्यांचं काम वाचलेली ती एकटीच, आणि तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

बोलणं हेच काम आहे, हा विचार रुजायला वेळ लागला. १९७१ साली जेराल्ड वाइनबर्ग यांनी सांगितलं की प्रोग्रॅमरने कोडला स्वतःची मालमत्ता मानू नये, ते दुसऱ्यांना वाचू द्यावं. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका यांनी होंडा, कॅननसारख्या कंपन्यांतली उत्पादनं कशी घडतात ते पाहून लिहिलं की रिले शर्यतीसारखं काम पुढच्याच्या हाती सोपवण्यापेक्षा रग्बीच्या संघासारखं सगळ्यांनी मिळून पुढे सरकणं वेगाचं ठरतं. 'स्क्रम' हा शब्द त्यांनी रग्बीतूनच घेतला. सदरलंड आणि श्वेबर यांनी १९९५ साली सॉफ्टवेअरसाठी त्याची पद्धत मांडली आणि २००१मध्ये अमेरिकेतल्या स्नोबर्ड इथे जमलेल्या सतरा जणांनी ॲजाइलचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत सॉफ्टवेअर घडवण्याच्या विचाराचा, जाहीरनामा लिहिला.

कॉलेजात हे सगळं पोचलं ते रोजच्या उभ्या बैठकीच्या रूपाने: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. मुलं ही उत्तरं माझ्याकडे बघून देतात, हजेरी दिल्यासारखी. शेजारी उभ्या असलेल्या जोडीदाराकडे कोणी वळत नाही. स्क्रम गाइडच्या २०२०च्या आवृत्तीतून हे तीन ठरावीक प्रश्न काढून टाकले, ते मला योग्य वाटतं. मेसच्या ॲपच्या गटाने दुसऱ्या स्प्रिंटला कोडला हात लावण्याआधी कुठली माहिती कुठल्या नावाने जाणार याचा तक्ता केला. तो त्या मुलीने केला. अर्धवट कामही रोज एकत्र जोडायचं ठरलं. अर्धवट काम दाखवायला मुलांना लाज वाटते. ती लाज मोडणं मला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं वाटतं.

म्हणून तोंडी परीक्षेत मी प्रत्येकाला दुसऱ्याचं कोड समजावून सांगायला लावतो. त्यावर एकाने विचारलं, 'त्याच्या कोडसाठी माझे मार्क का जावेत?' प्रश्न रास्त आहे. गटात अंग चोरणारे असतातच. रिंगेलमान यांनी दोर ओढण्याच्या प्रयोगांतून, गट वाढला की माणशी जोर कमी पडतो, हे १९१३ सालीच नोंदवलं होतं. कोण अंग चोरतं हे शोधायला आता परीक्षक गिटमधल्या, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल टिपणाऱ्या प्रणालीतल्या, नोंदी बघतात. कोणी किती ओळी लिहिल्या ते तिथे दिसतं. कोणाच्या एका प्रश्नामुळे शंभर ओळी पुन्हा लिहायच्या वाचल्या, ते दिसत नाही. ते कळायला मुलांशी निवांत बसून बोलावं लागतं आणि एकेका गटाला जेमतेम दहा मिनिटं देणाऱ्या वेळापत्रकात त्याला जागा नाही.