उडी आणि दोर

बुडत्याकडे पाहत काठावर उभा राहणारा माणूस आपल्याला भ्याड वाटतो. आम्ही मास्तरलोक वर्गात ज्या गोष्टी सांगतो, त्यांतला नायक विचार करीत बसत नाही. तो उडी टाकतो. परंतु या शिकवणुकीची भयंकर परीक्षा जानेवारी 2017 च्या अखेरीस लातूरच्या औद्योगिक वसाहतीत झाली. एका तेलगिरणीची टाकी साफ करण्यास मजूर उतरले, ते वर येईनात म्हणून त्यांना काढण्यास दुसरे उतरले, नऊजण दगावले. कोंडलेल्या जागेत मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे वाचवायला गेलेली असतात, असे अमेरिकेतील एका सरकारी संस्थेने 1986 साली नोंदवले होते. म्हणजे तेथे माणसाचा घात करतो तो त्याचा सद्गुणच! मग सोबती पडला तरी आत उतरू नकोस, असे शिकवावे काय?

मराठवाड्याला हा धडा अगदीच नवा नाही. धान्याचे पेव उघडताच शहाणा शेतकरी आत उतरत नसे. तो आधी कोंडलेली हवा जाऊ देई, मग कंदील सोडून पाही. कंदील विझला तर आपणही विझू, हे तो जाणे. टाकीतल्या कुजक्या गाळापुढे मात्र कंदील चालत नाही. त्यातला वायू पेट घेऊ शकतो आणि आधी नाकाची शक्तीच मारतो. तेथे हवा मोजण्याचे यंत्रच हवे. 1948 च्या कारखाने अधिनियमातील 36 व्या कलमात हे लिहिलेले होते: हवेची तपासणी करून जाणकाराने दिलेला लेखी दाखला, नाही तर श्वसनाचे साधन, पट्ट्याला दोर आणि त्याचे टोक धरून बाहेर उभा असलेला माणूस.

हा बाहेरचा माणूस भ्याड नव्हे. आतल्याचा जीव त्याच्याच मुठीत असतो. म्हणून 'उतरू नकोस' हे शिकवावेच. पण दोर हाती देऊन शिकवावे.

दरसाल 4 मार्चला सुरक्षा दिनाची शपथ घेतली जाते. नांदेडचा असो की लातूरचा, रोजंदारीवरचा मजूर ती घेईलही. पण यंत्र आणि दोर विकत आणणे त्याच्या हाती नाही, आणि 'नाही' म्हटले तर संध्याकाळची चूल अडते. म्हणून पहिले प्रशिक्षण व्यवस्थापकाचे व्हावे. दोराशिवाय उतरणार नाही म्हणणाऱ्याची मजुरी कापायची नाही, एवढा एक धडा त्याने आधी गिरवावा. तो न गिरवता मजुराला सावधगिरी शिकवणे म्हणजे उद्याच्या मरणाचा दोष आजच त्याच्या माथी लिहून ठेवणे होय.