पडण्याचे भय

चालायला शिकणारे मूल दिवसातून वीसदा पडते. घरातले कोणीतरी जमिनीला चापट मारते, "मुंगी मेली बघ!" म्हणते, आणि मूल डोळे पुसून पुन्हा उभे राहते. त्याच घरात म्हातारे माणूस एकदा पडले, तर मुंगीचे नाव कोणी काढीत नाही. सगळ्यांचे चेहरे उतरतात आणि त्या दिवसापासून घरात एक नवा नियम सुरू होतो: "एकट्याने उठायचे नाही."

हा नियम मायेपोटी जन्मतो, याबद्दल मला शंका नाही. माझा प्रश्न एवढाच, की मायेपोटी जन्मलेला प्रत्येक नियम न्यायाचा असतो काय?

भीती खोटी नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या माहितीप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात, आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांचा भरणा मोठा. आमच्या वसईकडे तर आकडेही नकोत. चार महिने पाऊस. विहिरीचा काठ, बावखलाची वाट, मागच्या दाराची पायरी, सगळीकडे शेवाळ. संध्याकाळी विरारच्या पुलावर तरण्याताठ्या माणसाचाही पाय जमिनीला नीट लागत नाही. अशा ठिकाणी म्हातारपणी जपून पाऊल टाकणे म्हणजे भित्रेपणा नव्हे, शहाणपण होय.

पण शहाणपण आणि भय यांची हद्द फार पुसट असते. भय वाढले की माणूस पाय ओढत, अंग आखडून चालतो. मग कमी चालतो. मग बसून राहतो. बसल्या जागी मांड्या-पोटऱ्यांतले बळ ओसरते, तोल जातो, आणि ज्याला भ्यायलो तेच दाराशी येऊन उभे राहते. अमेरिकेतील मेरी टिनेटी या डॉक्टरीणबाईंनी १९९० साली वृद्धांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. "तुम्हांला भीती वाटते का?" असे त्यांनी नुसते विचारले नाही. आंघोळ करताना, कपाटातली वस्तू काढताना, दार उघडायला जाताना आपण पडणार नाही असा भरवसा तुम्हांला किती वाटतो, हे विचारले. मला ही विचारण्याची रीत फार आवडली. भीतीची चौकशी न करता तिने भरवशाची चौकशी केली.

२०१० साली सिडनी शहरातल्या ७० ते ९० वर्षांच्या ५०० माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीर तपासून निघणारा धोका एकीकडे मांडला, मनातली धास्ती दुसरीकडे. सुमारे एकतृतीयांश लोकांच्या बाबतीत दोहोंचा मेळ बसला नाही. काहींचे पाय धड, पण मन धास्तावलेले. काहींचे पाय कच्चे, पण मन स्वस्थ. पुढे कोण पडते याची नोंद ठेवली, तेव्हा दिसले की पायांचा कच्चेपणा आणि मनातले भय ही दोन्ही आपापल्या परीने पडण्याला हातभार लावतात.

आणि बुद्धीचे काय? चालणे हे नुसते पायांचे काम, असे आपण समजतो. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांना एका वृद्धनिवासात असे आढळले, की काही माणसे चालता चालता कोणी बोलू लागले की थांबतात. दोन्ही कामे एकदम झेपत नाहीत म्हणून थांबतात. अशांपैकी बहुतेक पुढच्या ६ महिन्यांत पडले. म्हणून आता चालताना उलटे आकडे मोजायला लावणे, शंभरातून सात सात वजा करायला सांगणे, अशा रीतीने वृद्धांची चाल तपासतात आणि सरावही करून घेतात. मी शाळामास्तर, हे वाचून मला आपली पावकी, निमकी, दिडकी, औटकी आठवली. आजोबांना सपाट अंगणात, कोणीतरी शेजारी असताना, दिडकी म्हणत फेऱ्या घालायला सांगावे. नुसते खुर्चीत बसून पाढे म्हटल्याने पायांत बळ येणार नाही; त्याला तोल सांभाळण्याचा रोजचा व्यायाम हवाच. पण ज्या डोक्याला दिवसभर काहीच काम नसते ते भय रवंथ करीत बसते, हे तर आपण सर्वांनीच पाहिले आहे.

आमच्या आळीत एक आजी आहेत. मुलगा-सून पहाटेच्या गाडीने चर्चगेटला जातात. जाताना सून काकुळतीने म्हणते, "आई, तुम्ही पायरी उतरू नका हं." आजी उतरत नाहीत. पायरीखाली चार पावलांवर त्यांची तुळस आहे, जास्वंद आहे, गप्पा मारणारी शेजारीण आहे. त्यांचे हाड शाबूत आहे. जग मात्र खिडकीएवढे उरले आहे. सुनेला दोष कसा देऊ? "आणि त्या पडल्या तर?" हा तिचा प्रश्न खराच आहे. मी मात्र असे म्हणेन, की या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न लपलेला असतो: "पडल्या तर लोक आपल्याला काय म्हणतील?" पहिला प्रश्न आजींच्या हिताचा, दुसरा आपल्या निश्चिंतीचा. दोन्ही एकाच सुरात विचारले जातात, म्हणून गफलत होते. २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने आईबापांच्या निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार मोजले, हे उत्तम झाले. पण तुळशीपर्यंत आपल्या पायांनी जाण्याची मुभा ही ज्याच्या त्याच्या घरानेच द्यायची असते. ज्याची समजच मावळली आहे त्याच्यासाठी घरच्यांना ठरवावे लागते, हे मान्य. पण ज्याची बुद्धी जागी आहे, त्याने कोणता धोका पत्करावा हे त्याला विचारल्यावाचून ठरवणे म्हणजे त्याचे माणूसपण परस्पर गहाण टाकणे होय.

गीतेच्या १६ व्या अध्यायात दैवी गुणांची जी मालिका आहे तिच्या आरंभी अभय आहे आणि शेवटी निरभिमानता. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत ही रचना सैन्यासारखी उलगडून दाखवली: आघाडीला निर्भयता, पिछाडीला नम्रता. म्हातारपणाला याहून चांगला मार्गदर्शक मला दिसत नाही. काठी घ्यायला लाज वाटणे हा अभिमान. काठी असूनही न उठणे हे भय. काठी घेऊन उठणे, यात आघाडी आणि पिछाडी दोन्ही सांभाळल्या जातात.

मग घरच्यांनी काय करावे? मोरीत कठडा बसवावा, शेवाळ खरवडावे, रात्री दिवा ठेवावा, चष्मा आणि औषधे डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत, आणि मग वाट सोडावी. या दिवाळीत तुमच्या घरची आजी पणती घेऊन वृंदावनाकडे निघाली, तर तिच्या हातातून पणती काढून घेऊ नका. आपला हात तिच्या कोपराखाली धरा, आणि चालण्याचा वेग मात्र तिचा असू द्या.