पडद्यावरची आग आणि दिव्यातली आग

पॅरिसच्या र्‍यू झाँ-गूजाँ या रस्त्यावर ४ मे १८९७ रोजी एक धर्मादाय बाजार भरला होता. फ्रान्समधल्या कॅथलिक उमराव घराण्यांतल्या बायका वर्षातून एकदा एकत्र येऊन वस्तू विकत आणि जमलेला पैसा गोरगरिबांसाठी चालणाऱ्या संस्थांना देत. त्या वर्षी लांबलचक लाकडी मंडप घालून त्यात रंगवलेल्या कापडाची आणि पुठ्ठ्याची एक जुन्या काळची गल्ली उभी केली होती. वर कापडी छत होतं. नवलाई म्हणून हलत्या चित्रांचा खेळही ठेवला होता. त्या दुपारी पोपचे राजदूत येऊन आशीर्वाद देऊन गेले.

खेळाच्या यंत्रात वीज नव्हती. ईथरची वाफ आणि ऑक्सिजन यांवर जळणारा दिवा पडद्यावर उजेड टाकत होता. दिव्यातलं ईथर संपलं, ते पुन्हा भरायचं होतं आणि त्या आडोशाच्या खोलीत नीट दिसत नव्हतं. दिसावं म्हणून मदतनिसाने काडी ओढली. वाफ भडकली, पडदे पेटले, छत जळत खाली आलं. काही मिनिटांत सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथची धाकटी बहीण सोफी हीसुद्धा त्यांत होती.

चार दिवसांनी नोत्र दामच्या प्रार्थनामंदिरात शोकसभा झाली. राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फोर समोर बसले होते. डॉमिनिकन पंथाचे फादर ओलिव्हिए यांनी प्रवचनात सांगितलं की क्रांतीपासून धर्माकडे पाठ फिरवलेल्या फ्रान्सच्या पापांचं हे प्रायश्चित्त आहे, आणि देवाने त्यासाठी निष्पाप जीवांचा बळी स्वीकारला आहे. या प्रवचनावरून देशभर संताप उसळला, वर्तमानपत्रांतून कडाडून टीका झाली. पुढे खटलाही चालला, यंत्र चालवणारे दोषी ठरले, आयोजकांपैकी एका बॅरनला दंड झाला. म्हणजे एकाच आगीची दोन कारणं एकाच शहरात सांगितली गेली. मंदिरात ईश्वरेच्छा आणि न्यायालयात हयगय.

घरात प्रोजेक्टर बसवण्याच्या गोष्टीत हे सगळं आठवायचं कारण असं, की ते प्रवचन अजून संपलेलं नाही. त्याचं घरगुती रूप आपल्याकडे रोज ऐकू येतं: व्हायचं ते चुकत नाही. पंखा पडला, वायर जळाली, मूल दिपलेले डोळे चोळत बसलं, की कोणीतरी मोठं माणूस हे वाक्य बोलतं आणि विषय मिटतो. दैवावर श्रद्धा असणं ही एक गोष्ट. आपण ढिला सोडलेला स्क्रू दैवाच्या खात्यावर मांडणं ही वेगळी गोष्ट, आणि ती श्रद्धेला शोभणारी नाही.

वेदान्ताशी परिचय असलेला वाचक इथे एक वेगळाच आधार पुढे करील. तिरुवण्णामलईचे रमण महर्षी (१८७९–१९५०) आपल्याकडे येणाऱ्यांना सिनेमाचा दृष्टान्त पुन्हापुन्हा देत. पडद्यावर आग लागते, पण पडदा जळत नाही. पूर येतो, पण पडदा ओला होत नाही. चित्रं येतात नि जातात, पडदा तसाच राहतो, तसं आत्म्याचं आहे. त्यांच्या आधी सुमारे सहाशे वर्षं विद्यारण्यांनी ‘पंचदशी’त ‘नाटकदीप’ नावाचं अख्खं प्रकरण लिहिलं. नाट्यगृहातला दिवा यजमानाला, प्रेक्षकांना आणि नर्तकीला सारखाच उजळतो, आणि सगळे निघून गेल्यावर रिकाम्या रंगमंचालाही उजळत राहतो. साक्षी चैतन्य कशानेच लिप्त होत नाही, हे सांगायला याहून नेमकी प्रतिमा सापडणं कठीण आहे.

पण पॅरिसमध्ये पडदा जळाला. दिवाही साक्षी राहिला नाही.

यामुळे दृष्टान्त खोटा ठरत नाही, त्याची हद्द कळते. अद्वैताने सत्तेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रातिभासिक, व्यावहारिक आणि पारमार्थिक. पडद्यावर दिसणारी आग प्रातिभासिक. दृष्टान्तातला पडदा पारमार्थिकाचा प्रतिनिधी. त्या दोहोंच्या मधे जो खरोखरचा दिवा, खरी काच, खरी वायर आणि छताला टांगलेलं खरं वजन आहे, ते व्यावहारिक, आणि दृष्टान्त त्याबद्दल काहीच बोलत नाही. त्याला बोलायची गरजही नव्हती. घोटाळा होतो तो एका पायरीवरचं वाक्य दुसऱ्या पायरीवर वापरल्याने. शंकराचार्यांनी व्यवहाराला कधी रजा दिलेली नाही. ब्रह्मज्ञान होईपर्यंत व्यवहार त्याच्या सगळ्या नियमांसकट खराच असतो, ही त्यांची ठाम भूमिका आहे. ‘सगळी माया आहे’ म्हणत उघडी वायर तशीच ठेवणाऱ्याला वेदान्ताची साथ मिळत नाही.

मग व्यवहारातला हा दिवा कसा आहे ते पाहिलं पाहिजे. अजूनही कितीतरी घरांत असलेल्या दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. क्वार्ट्झच्या छोट्याशा कोठीत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट दाब तयार होतो, तेव्हा तो पांढरा लखलखीत उजेड मिळतो. ही उष्णता बाहेर फेकण्यासाठी पंखा असतो, आणि खेळ संपल्यावरही तो थोडा वेळ फिरत राहतो. तो थांबण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करणं म्हणजे तापलेल्या दिव्याला कोंडून घालणं. यंत्राच्या जाळ्या पुस्तकांच्या कपाटात दडपल्या, धूळ बसू नये म्हणून चालू यंत्रावर रुमाल टाकला, फिल्टर वर्षानुवर्षं झटकलाच नाही, की उष्णतेला वाट राहत नाही. दिवा कधी फुटलाच तर खोलीबाहेर जायचं, खिडक्या उघडायच्या आणि तुकडे उघड्या हाताने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने गोळा करायचे नाहीत, कारण त्यात पारा असतो. लेसर आणि एलईडीच्या नव्या यंत्रांत हा पारा नाही. उष्णता मात्र आहेच. चित्र क्षणभर झाकायचं म्हणून भिंगासमोर पुस्तक धरलं किंवा झाकण लावलं, तर एवढा उजेड तिथेच अडतो आणि ती वस्तू तापून वितळू शकते. झाकायचंच असेल तर रिमोटवर त्यासाठी बटण असतं.

डोळ्यांचा प्रश्न याहून खोल आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात गुहेतले कैदी भिंतीवरच्या सावल्या पाहत जन्म काढतात. त्यांच्या पाठीमागे आग जळत असते. एकाची साखळी सोडून त्याला मागे वळायला लावतात तेव्हा त्याचे डोळे दुखतात, त्याला पुन्हा सावल्यांकडेच वळावंसं वाटतं. तत्त्वज्ञानात हे दुखणं ज्ञानाची पहिली पायरी मानलं गेलं. सावल्यांवर समाधान मानू नये, उजेड कुठून येतो ते वळून पाहावं, हीच त्या गुहेची शिकवण.

घरातलं मूल नेमकं हेच करतं. भिंतीवर हत्ती दिसला की आधी ते भिंतीला हात लावतं, मग मागे वळून हत्ती कुठून आला ते शोधतं. त्याची जिज्ञासा शुद्ध आहे, प्लेटोला आवडली असती अशी. पण त्या क्षणी भिंग त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर टीपॉयवर ठेवलेलं असतं. प्रोजेक्टरच्या उजेडासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२४७१-५. त्यात शून्य ते तीन असे धोक्याचे गट केले आहेत. दुसऱ्या गटातली यंत्रं घरात चालतात, ती एका गृहीतावर: प्रखर उजेड डोळ्यावर आला की माणूस पाव सेकंदात डोळे मिटतो किंवा मान फिरवतो. म्हणूनच त्यांच्या पुस्तिकेत किरणात टक लावून पाहू नका, मुलांवर लक्ष ठेवा, असं लिहिलेलं असतं. तिसरा गट घरासाठी नाहीच. कुतूहलाने मुद्दाम टक लावून पाहणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते पाव सेकंदाचं गृहीत लटकं पडतं. भिंतीला खेटून ठेवायची नवी यंत्रं तर उजेड खालून वर फेकतात, आणि त्यांतली काही कोणी जवळ आलं की स्वतःच उजेड कमी करतात. तरी त्यांच्यावर वाकून आत डोकावणाऱ्या मुलाला आधी बाजूला करायचं ते घरातल्या माणसानेच.

मराठी माणसाला इथे दादासाहेब फाळके आठवावेत. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आणण्याआधी चित्रपटांचा अभ्यास करताना अहोरात्र जागून, डोळ्यांना अजिबात विसावा न देता त्यांनी इतका ताण घेतला, की त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. उपचारांनी आणि चष्म्यांच्या आधाराने ती परत आली. त्यांची हानी यंत्राच्या किरणाने झाली नव्हती, अतिश्रमाने झाली होती. तरी ज्या कलेने पुढे लाखोंना पडद्यावर राम दाखवला, तिने आधी एका माणसाच्या डोळ्यांकडून काय मागितलं होतं, हे विसरू नये.

या सगळ्याला नैतिक नाव द्यायचं तर ते जैन विचारात सगळ्यात नेमकं सापडतं. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे, बेसावधपणाने घेतलेला जीव ही हिंसा. आचार्य कुंदकुंद ‘प्रवचनसारा’त त्याही पुढे जातात: जीव मरो वा न मरो, बेसावध वागणाऱ्याकडून हिंसा घडलेलीच आहे, आणि जपून वागणाऱ्याच्या हातून नकळत इजा झाली तरी केवळ तेवढ्याने त्याला हिंसेचा बंध लागत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन घरांतून पाच समितींची नावं आजही शिकवली जातात. त्यांतली एक आदाननिक्षेपण समिती: वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून उचलावी नि ठेवावी. मुनींसाठी सांगितलेला हा नियम मोरपिच्छी आणि कमंडलूपुरता थांबत नाही.

कुंदकुंदांचं म्हणणं फॉल्स सीलिंगला लावून पाहावं. पीओपी किंवा जिप्समचं छत दिसायला छान, पण ते चार-पाच किलोचं यंत्र पेलायला बनवलेलं नसतं. प्रोजेक्टरचा ब्रॅकेट त्या छतातून आरपार जाऊन वरच्या काँक्रीटच्या स्लॅबमध्ये फास्टनरने बसला पाहिजे, आणि शक्य असेल तिथे यंत्राला वेगळी पोलादी तार स्लॅबलाच बांधली पाहिजे, म्हणजे एक स्क्रू सुटला तरी ते खाली येणार नाही. ‘भोक कशाला, पीओपीतच अडकव’ असं सांगून ज्याने पाचशे रुपये वाचवले, त्याच्या घरात अजून काहीही पडलेलं नाही. रोज संध्याकाळी त्याच यंत्राखाली सोफ्यावर आजी बसते. कुंदकुंदांच्या मोजमापाने दोष त्याच दिवशी घडून गेला आहे. हे कठोर वाटतं, पण योग्य आहे. अपघात झाला तरच चूक, असं मानणारा माणूस नैतिक हिशेब नशिबाच्या हाती देतो.

यंत्र बनवणाऱ्यांपैकी काहींनी हा विचार फार पूर्वी केला होता. सुरुवातीच्या चित्रपटांची फिल्म नायट्रेटची, झटकन पेटणारी. पाते कंपनीने १९१२ मध्ये घरी वापरायचं ‘कोक’ नावाचं यंत्र काढलं तेव्हा त्यासाठी न भडकणारी फिल्म वापरली आणि तिची रुंदी २८ मिलिमीटर ठेवली, चित्रपटगृहातल्या ३५ मिलिमीटरपेक्षा वेगळी. परिणामी घरातल्या यंत्रात ती पेटणारी फिल्म चढवताच येत नव्हती. १९२३ मध्ये कोडॅकने घरगुती १६ मिलिमीटरची फिल्म आणली, तीही सुरक्षित अॅसिटेटवरच. ज्या घरात आपण कधी जाणार नाही, त्या घरातल्या अनोळखी माणसाची चूक आधीच ओळखून तिची वाट बंद करणं, यात करुणा आहे. ‘सावध राहा’ असं नुसतं छापून हात झटकण्यापेक्षा तिची जात फार वरची.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवं दैव. दैवाला नकार नाही, पण ते रांगेत शेवटी उभं आहे. फादर ओलिव्हिए यांनी पहिल्या चारांना ओलांडून थेट पाचव्याला हाक मारली. ईथर, काडी, कापडी छत आणि अरुंद वाटा यांचं नाव घेतल्याने देवाचं काही कमी होत नव्हतं. पॅरिसच्या आगीनंतर शंभर वर्षांनी, १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसं गेली. तिथेही जळालेला ट्रान्सफॉर्मर होता, जादा खुर्च्या घालून अडवलेली वाट होती.

घरगुती गणपतीच्या आराशीत आता मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरने कैलास दाखवायची हौस वाढली आहे. हौस चांगली आहे. तिथेच कापडी मखर असतो, समई तेवत असते, धूप-कापूर जळत असतो आणि आरतीला दाटीवाटीने माणसं उभी असतात. यंत्राची वायर त्यांच्या पायांतून एका लोंबत्या एक्स्टेंशन बोर्डाकडे जाते, त्यावर माळा, पंखा आणि स्पीकरही लटकलेले. वायर भिंतीकडेने नेऊन चिकटवावी. यंत्राला अर्थिंग असलेला थ्री-पिन प्लग स्वतंत्र सॉकेटमध्ये लावावा. समई आणि कापड यांच्यात हातभर अंतर ठेवावं. आरतीला उभ्या असलेल्या मुलांच्या डोळ्यांत किरण जाणार नाही इतकं भिंग उंचावर ठेवावं, आणि मखराच्या मागून बाहेर पडायची वाट मोकळी सोडावी. हे काम प्राणप्रतिष्ठेच्या आधीच उरकावं, कारण एकदा माणसं जमली की मखराच्या मागे वाकून वायर हलवायला कोणाला जागा मिळत नाही.