परसांतलें यंत्र आणि कर्माचें फळ

ज्या फळासाठीं आपण घाम गाळला नाहीं तें फळ आपलें म्हणावें काय, हा प्रश्न नीतिशास्त्रांत नवा नाहीं. वडिलार्जित धनाविषयीं, व्याजाविषयीं आणि खंडाविषयीं तो पूर्वीं पुष्कळदां चर्चिला गेला आहे. आतां मात्र तो घराच्या परसांत, मेथीच्या वाफ्यापाशीं येऊन उभा ठाकला आहे, आणि तेथें तो अधिक सूक्ष्म झाला आहे. कारण धनाच्या बाबतींत आपल्या वतीनें दुसरा कोणी मनुष्य राबलेला असतो. या नव्या परसांत राबणारा मनुष्यच नसतो.

अमेरिकेंतील रोरी अ‍ॅरॉन्सन या अभियंत्यानें २०१३ मध्यें 'फार्मबॉट' या यंत्राची कल्पना मांडली व २०१६ पासून तें घरगुती बागांसाठीं विक्रीस आलें. वाफ्याच्या दोहों अंगांस रूळ, त्यांवरून सरकणारी कमान, आणि कमानीवर डावीउजवीकडे व वरखालीं फिरणारी एक दांडी, अशी त्याची रचना आहे. दांडीच्या टोकास कामाप्रमाणें हत्यार बसतें. एक हत्यार बीं शोषून उचलतें व नेमक्या जागीं सोडतें. दुसरें पाणी शिंपतें. तिसरें उगवतें तण मोडतें. चौथें मातींतील ओल मोजतें. मालकानें पडद्यावर बागेचा नकाशा आंखून दिला कीं पुढें तो वाफ्याकडे फिरकला नाहीं तरी चालतें. ह्याहिपूर्वीं, १९९५ सालीं, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत केन गोल्डबर्ग, जोसेफ सांतारोमाना व त्यांचे सहकारी यांनीं 'टेलिगार्डन' नांवाची बाग मांडली होती. दूर देशींच्या माणसानें इंटरनेटवरून यंत्राचा हात हालवावा आणि तेथें बीं पेरावें, पाणी घालावें, अशी ती योजना. पुढें ती बाग ऑस्ट्रियांतील लिंझ येथें नेली व २००४ पर्यंत चालली.

या यंत्रांविरुद्धचा आक्षेप त्यांच्याहून फार जुना आहे. चीनमधील तत्त्वज्ञ च्वांग त्झू याच्या ग्रंथांत एका म्हाताऱ्या माळ्याची कथा आहे. तो विहिरींत उतरून घागर भरतो आणि भाजीला घालतो. वाटेनें जाणारा कन्फ्यूशियसचा एक शिष्य त्यास सांगतो, "दांड्याच्या मागें वजन बांधून पाणी उपसण्याची युक्ति आहे, तिनें दिवसांत शंभर वाफे भिजतील." माळी हंसून उत्तर देतो कीं, ती युक्ति मला ठाऊक आहे, पण युक्तीनें काम करणाऱ्याचें मनहि युक्तिबाज होतें, म्हणून मला तिची लाज वाटते.

कथा मोठी मार्मिक आहे. परंतु त्या माळ्यानें आपली घागर स्वखुशीनें उचललेली होती, हें विसरतां कामा नये. आमच्या नगर जिल्ह्यांत, ज्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे, पाथर्डी, जामखेड, कर्जत या बाजूच्या बायकांनीं पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरून पाणी वाहिलें तें कांहीं तत्त्वज्ञान म्हणून नव्हे. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडणाऱ्यांस श्रमाचें माहात्म्य सांगणें ही क्रूर थट्टाच झाली असती. अ‍ॅरिस्टॉटलनें एके ठिकाणीं म्हटलें आहे कीं, धोटे आपले आपण विणूं लागते तर धन्यांना गुलामांची गरज उरली नसती. गुलामगिरीचें समर्थन करतांना आलेला हा विचार उलटा वाचला तर मोठा उद्बोधक आहे. यंत्र नको म्हणणारानें तो भार कोणाच्या मानेवर राहणार हेंहि सांगितलें पाहिजे.

आणि आपण मध्यम वर्गीयांनीं येथें थोडें प्रामाणिक असावें हें बरें. आपल्या परसांतील आळीं कोणीं केलीं? अळूला पाणी कोणीं घातलें? पुष्कळ घरांत तें माळ्यानें किंवा मोलकरणीनें केलें, आणि पाहुण्यांपुढें पान वाढतांना आपण मात्र "घरची भाजी" असें अभिमानानें म्हणालों. 'मीं वाढविलें' हा शब्द आपण यंत्र येण्यापूर्वींच सैल करून ठेवला होता. यंत्रानें तो सैलपणा केवळ उघडा पाडला. फरक इतकाच कीं, माळ्याच्या पोटाला त्या वाफ्यांतून कांहीं मिळत होतें, यंत्राला पोट नाहीं.

तेव्हां कष्ट आणि काळजी यांत भेद केला पाहिजे. बादली उचलणें हे कष्ट आहेत. बादली ओततांना पानाच्या पाठीवरला मावा दिसणें ही काळजी होय. आजवर या दोन गोष्टी एकाच गांठीनें बांधलेल्या होत्या. यंत्र ती गांठ सोडवितें, आणि दोन्ही एकदमच घेऊन जातें. येथें कोणी म्हणेल कीं, माणसाच्या मायेनें झाड अधिक चांगलें वाढतें. आपल्याकडे त्याला हातगुण असा गोड शब्दहि आहे. पण गोल्डबर्ग यांच्याच बर्कली येथील मंडळीनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग निराळें सांगतो. यंत्रानें राखलेली बाग व व्यवसायी उद्यानतज्ज्ञांनीं राखलेली बाग यांची त्यांनीं तुलना केली. झाडोऱ्याची व्याप्ति व विविधता दोहोंकडे जवळजवळ सारखी निघाली, आणि यंत्राला पाणी ४४ टक्क्यांपर्यंत कमी लागलें. ज्या जिल्ह्यांत टँकरची वाट पाहावी लागते तेथें हा आंकडा हंसण्यावारी नेतां येणार नाहीं. झाडाचें आपल्यावांचून अडत नाहीं, हें मान्य करावें. प्रश्न झाडाचा नसून आपला आहे.

त्याचें उत्तर आपल्याच जिल्ह्यांत दोन ठिकाणीं शोधतां येतें. अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे यांना शाळा मिळाली नाहीं. पण वाल, घेवडे, भाज्या व भात यांचे गावठी वाण त्यांनीं घरच्या बीजबँकेंत सांभाळले, परिसरांतील बायकांना परसबागेची वाट दाखविली, आणि २०२० चा पद्मश्री हा किताब त्यांना जाहीर झाला. वेलावरच्या कोणत्या शेंगा खावयाच्या आणि कोणत्या बियांसाठीं वाळूं द्यावयाच्या, ही निवड म्हणजे साधें काम नव्हे. ती पुढल्या वर्षाची, पुढल्या पिढीची तरतूद आहे. यंत्र बीं पेरतें. पण पाकिटांतून आलेलें बीं पेरतें. जें ज्ञान हातांत होतें तें एकदां यंत्रांत गेलें कीं, यंत्र बिघडल्या दिवशीं घरांत कोणापाशींच उरत नाहीं.

दुसरें ठिकाण हिवरे बाजार. तेथील ग्रामस्थ पाऊस मोजतात, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडतात व त्यावरून पिकें ठरवितात. शेतीसाठीं कूपनलिका आणि उंसासारखें तहानलेलें पीक त्यांनीं स्वतःच वर्ज्य केलें. पाणी यंत्रहि वांचवितें, गांवहि वांचवितो, आणि विहिरीच्या दृष्टीनें दोन्ही सारखेंच. परंतु यंत्राची काटकसर यंत्राबरोबर येते व जाते. हिवरे बाजारांत तिच्यासाठीं माणसांना एकमेकांसमोर बसून आपला हव्यास आंवरावा लागला. काटकसर यंत्रावर सोंपवितां येते, संयम सोंपवितां येत नाहीं.

याच जिल्ह्यांत, प्रवरेच्या तीरीं नेवाशास, शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरांनीं गीता मराठींत आणली. गीतेनें कर्म राखून फळावरील आसक्ति सोडावयास सांगितलें. फार्मबॉट पेरतो, शिंपतो, तण मोडतो, पण भाजी खुडीत नाहीं. खुडण्याचें तेवढें काम माणसाकडे राहतें. म्हणजे कर्म सोडून फळ मात्र राखावें, अशी ही व्यवस्था झाली! तथापि एवढ्यानें यंत्र अधर्म्य ठरत नाहीं. एक कर्म सुटलें तर त्याच्या जागीं कोणतें आलें, हें पाहूनच निवाडा करावा. बादलीच्या ओझ्यांतून सुटलेली गृहिणी बियांची निवड करूं लागली, मुलांना पानाखालची अळी दाखवूं लागली, जास्तीची भाजी शेजारीं पोंचवूं लागली, तर यंत्रानें तिला तिचें परस परत दिलें असें म्हणावें लागेल. तोच वेळ दुसऱ्या पडद्यापुढें गेला तर तिचें परस तिच्याच घरांत परकें झालें.

म्हणून असें यंत्र घेऊं इच्छिणाऱ्या कुटुंबास मी नको म्हणणार नाहीं. ओझें खुशाल त्याच्यावर टाकावें. बीं कोणतें, पाणी किती व भाजी कोणाकोणाला, हे तीन निर्णय मात्र घरांतल्या माणसांनींच करावे आणि दिवसांतून एकदां तरी वाफ्यापाशीं जाऊन उकिडवें बसावें. मग शेजारणीनें टोपल्यांतल्या वांग्यांची चौकशी केली असतां सांगण्यासारखें आपल्यापाशीं कांहीं असेल, आणि तेवढ्यापुरतीं तीं वांगीं आपलीं म्हणण्यास हरकत नाहीं.