‘नकोशी’ आणि मरियमची माता



सातारा जिल्ह्यातील खेड्यांत मुलीचे एक नाव ठेवले जात असे, जे इतरत्र क्वचितच ऐकू येते : नकोशी, नकुसा. एकामागून एक मुली झाल्या की पुढच्या खेपेस तरी मुलगा व्हावा, या समजुतीने नुकत्याच जन्मलेल्या मुलीला ते दिले जाई. पाळण्यातले नाव पुढे शाळेच्या हजेरीपटावर चढे आणि ती निष्पाप मुलगी रोज सकाळी ‘हजर’ म्हणून त्याला ओ देई.

22 ऑक्टोबर 2011 रोजी सातारा येथे समारंभपूर्वक अशा 285 मुलींना नव्या नावांची प्रमाणपत्रे देण्यात आली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. हे कार्य स्तुत्यच होते.

अल्लाहचे अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही अशुभ अर्थाची नावे बदलली होती. आदरणीय उमर (रजि.) यांच्या एका कन्येचे नाव ‘आसिया’, म्हणजे अवज्ञा करणारी, असे होते. प्रेषितांनी ते बदलून ‘जमीला’ ठेवले. (फिरऔनच्या श्रद्धावान पत्नीचे आसिया हे नाव निराळे, अरबीत त्याची अक्षरे वेगळी आहेत. मराठीत दोन्ही सारखीच लिहिली जातात, एवढेच. या नावाच्या भगिनींनी चिंता करू नये.)

परंतु नकोशीचे खरे उत्तर मला आलि इमरान या अध्यायात (3:35-37) दिसते. इमरानच्या पत्नीने आपल्या उदरातील बालक अल्लाहच्या सेवेस अर्पण करण्याचा संकल्प सोडला होता. अपेक्षा मुलाची होती, जन्मली मुलगी. त्या मातेने हे आपल्या पालनकर्त्यापुढे मांडले. तिच्या शब्दांत किंचित खंत आहे आणि कुरआनने ती लपविलेली नाही. त्या खंतीबद्दल तिला दोषही दिलेला नाही. मात्र तिने ती खंत लेकीच्या नावावर लादली नाही. त्याच श्वासात तिने नाव ठेवले मरियम, आणि तिच्यासाठी व तिच्या संततीसाठी सैतानापासून संरक्षण मागितले. अल्लाहने त्या मुलीचा उत्तम रीतीने स्वीकार केला. संपूर्ण कुरआनात नावाने उल्लेखिलेली स्त्री एकच आहे, ती हीच!

याउलट अन्-नहल या अध्यायात (16:58-59) मुलीची वार्ता ऐकून चेहरा काळवंडलेला, लोकांपासून तोंड लपविणारा अज्ञानकाळातील पिता आहे. तो अरबस्तानातच राहिला, असे कुणी समजू नये. 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे साताऱ्यात 878 मुली होत्या, सांगलीत 851. मार्च 2017 मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे 19 भ्रूण पुरलेले सापडले. गर्भातच नकोशी ठरलेलीला बदलण्यापुरतेही नाव मिळत नाही. कोणत्या अपराधासाठी तिला मारले गेले, हे अंतिम निवाड्याच्या दिवशी विचारले जाईल, अशी सूचना अत्-तकवीर (81:8-9) देतो.

‘आमच्यात मुलीला असे नाव कुणी ठेवत नाही’, असे आपण म्हणाल. ते खरे मानू. आपण तिला फातिमा म्हणतो, आयेशा म्हणतो. मग मुलाच्या जन्माला पेढे आणि फातिमाच्या जन्माला दबक्या आवाजातला निरोप, हे कसे? तिचा अकीका ‘पुढे पाहू’ म्हणून का राहतो? आणि पित्याच्या मृत्यूनंतर त्याच फातिमाला हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी माहेरी बोलावले जाते. साडीचोळी होते, जेवण होते, भावांशी वाईटपणा नको म्हणून ती सही करते. अन्-निसा (4:7, 11) मध्ये तिचा हिस्सा स्वतः अल्लाहने ठरविला आहे, कोणा वकिलाने नव्हे. तिने तो राजीखुशीने सोडला तर गोष्ट वेगळी; पण आधी तो तिच्या हाती तर द्या, मग तिची खुशी विचारा.

वडिलोपार्जित जमीन असलेल्यांनी या आठवड्यात तलाठ्याकडून सातबाराचा उतारा काढावा आणि त्यावर बहिणींची नावे आहेत की नाहीत, ते वाचून पाहावे.