मायेची कबुली

दिवाळीत आकाशकंदील लावतो तो दिवा दिसावा म्हणून. दुसरा एक कंदील असा असतो, की त्यातला दिवा लपूनच राहतो. दिसते ते त्याच्यापुढचे चित्र. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या मुलांच्या साथीने १८९२ साली असा कंदील लोकांपुढे आणला आणि त्याचे नाव ठेवले ‘शांबरिक खरोलिका’. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पांढरा पडदा, एवढीच सामग्री. पण एकाहून अधिक कंदील घेऊन काचा झरझर बदलल्या, की पुराणांतली पात्रे पडद्यावर हालचाल करू लागत. मुंबईत ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे दिसली ती १८९६ साली, म्हणजे यानंतर चार वर्षांनी.

मला या खेळाइतकेच त्याच्या नावाचे कौतुक वाटते. शंबर हा पुराणांतला मायावी असुर. त्यावरून शांबरी म्हणजे माया. हा माणूस नावातच सांगून मोकळा झाला, की मी दाखवीन ती माया आहे. आता प्रश्न असा, की जे नाही ते दाखवून माणसांना हसविणे-रडविणे ही फसवणूक नव्हे काय?

उत्तरासाठी आपण यंत्राकडेच जाऊ. काच सुलटी घातली, तर पडद्यावर चित्र उलटे पडते; भिंग वरचे खाली करते. म्हणून काच उलटी घालावी लागते. ही लबाडी नव्हे; पाहणाऱ्याला नीट दिसावे म्हणून घेतलेली काळजी आहे. आजचा प्रोजेक्टर खाली ठेवून त्याचे तोंड वर केले, तर चित्र माथ्याकडे रुंद होते. यंत्र उचलून पडद्याच्या समोर सरळ ठेवावे, हा त्यावरचा चांगला उपाय. पण कळ दाबूनही काम भागते: मग यंत्र चित्रालाच उलट्या बाजूने आक्रसते, आकार सरळ दिसतो आणि चित्राची थोडी स्पष्टता मात्र हरवते. दिसायला दोन्ही चित्रे चौकोनीच.

आज डोंबिवलीतल्या एखाद्या कार्यालयात लग्नाच्या वेळी पडद्यावर घरातले जुने फोटो दाखवितात. हल्ली संगणकाच्या साहाय्याने दिवंगत आजोबांकडून नवऱ्यामुलीला चार शब्दांचा आशीर्वादही वदवून घेता येतो. समोर आजी बसलेली असते. हे चित्र घडविलेले आहे असे तिला आधी सांगितले, तरी तिच्या डोळ्यांना पाणी येईल. पण ते तिने समजूनउमजून येऊ दिलेले असेल. न सांगता दाखविले, तर नवऱ्याने कधी न उच्चारलेले शब्द ती खरे म्हणून उरलेला जन्म जपत बसेल. तिच्या आठवणींत परस्पर भर घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कोणी म्हणेल, सांगितल्याने रंगाचा बेरंग होतो. मला तसे वाटत नाही. मुलाला उठवून कंदिलामागे न्यावे, दिवा आणि काच दाखवावी; ते धावत परत येते आणि पुन्हा पडद्याकडे टक लावून बसते. ज्या मायेला असे मागे जाऊन पाहिलेले चालते, ती खुशाल दाखवावी. जिला ते चालत नाही, तिच्यासाठी दिवे मालवण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे, हे बरे.